बोकडाचं हृदय उघडताना चारही कप्पे शाबूत कसे ठेवावेत

हृदय कापून पाहण्याचा प्रयोग बहुतेक वेळा एकाच कारणाने फसतो: सुरी फार लवकर हातात घेतली जाते. हृदय ताटात ठेवलं, मधोमध उभा छेद दिला, दोन फाका केल्या. मग कळतं की झडपांच्या दोऱ्या तुटल्यात, डावं कुठलं नि उजवं कुठलं ते सांगता येत नाही, आणि वरचे दोन कप्पे तर मुळात आलेलेच नाहीत. मुलं घरी जातात ती 'आत मांस होतं आणि रक्त होतं' एवढंच शिकून.

आठवीपासून बारावीपर्यंतचे विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि घरी हा प्रयोग करू पाहणारे पालक यांच्यासाठी हा क्रम आहे. आधी बाहेरून ओळख, मग पाण्याची चाचणी, मग रक्त ज्या वाटेने जातं त्याच वाटेने छेद. हा क्रम पाळला तर साध्या कात्रीनेही काम होतं. क्रम चुकला तर महागडं साहित्यही उपयोगाचं नाही.

बोकडाच्या हृदयातही माणसासारखेच चार कप्पे आणि चार मुख्य झडपा असतात. आकार लहान असतो. बोकडाचं हृदय साधारण १०० ते १५० ग्रॅम भरतं, मोठ्या माणसाचं २५० ते ३५० ग्रॅम. जे फरक आहेत ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहेत.

## तयारी

### हृदय आणताना

निम्मा प्रयोग मटणाच्या दुकानातच ठरतो. दुकानात 'काळीज' मागितलंत तर यकृत हातात पडेल, म्हणून 'दिल' मागा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते कसं हवं ते आदल्या दिवशी सांगून ठेवा. दुकानदार सवयीने तीन गोष्टी करतात: वरच्या नळ्या छाटतात, नळ्यांबरोबर अलिंदंही (वरचे दोन कप्पे) उडवतात आणि आतल्या गुठळ्या काढायला एक चीर देतात. खाणाऱ्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, आपल्याला मात्र यातलं काहीच नको. 'शाळेसाठी हवंय, चीर देऊ नका, वरच्या नळ्या दोन बोटं लांब ठेवा' असं सरळ सांगा. फोफशासकट एकत्र मिळालं तर सर्वांत उत्तम, कारण फुप्फुसाकडे जाणाऱ्या आणि तिकडून येणाऱ्या नळ्या जागच्या जागी दिसतात. फोफसं घरी आणून स्वतःच वेगळं करता येतं.

रविवारी सकाळी जाऊ नका, त्या गर्दीत तुमचं कोणी ऐकणार नाही. बुधवारी किंवा शुक्रवारी लवकर गेलात तर दुकानदार जरा निवांत असतो.

शक्य असेल तर दोन हृदयं घ्या. एक कापायला, एक अख्खं शेजारी ठेवायला. कापलेल्या तुकड्यावरून मूळ जागा ओळखणं मुलांना फार जड जातं. शेजारी अख्खं हृदय असलं की बोट ठेवून दाखवता येतं.

तपासा: दुकानातच हृदय उलटंपालटं करून बघा. वरच्या बाजूला दोन लहान, सुरकुतलेले, कानाच्या पाळीसारखे भाग लोंबताना दिसले पाहिजेत. ते नसतील तर अलिंदं कापली गेली आहेत. ते हृदय घेऊ नका.

### सामान

एक टोक बोथट असलेली छोटी धारदार कात्री, पातळ पात्याची सुरी, स्टीलचं ताट, रबरी हातमोजे, बिनसुईची मोठी सिरिंज, मोजपट्टी, मोबाइलचा टॉर्च (मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून), निळ्या आणि लाल रंगाच्या कागदी किंवा प्लास्टिकच्या नळ्या आणि त्याच दोन रंगांची लोकर. कात्रीचं बोथट टोक नेहमी आत जाईल असं धरायचं. टोकदार बाजू आत गेली की ती समोरच्या भिंतीत घुसते.

सावधान: हातावर जखम किंवा चीर असेल तर त्या व्यक्तीने हृदय हाताळू नये, मोजे घालूनही नाही. शेळ्या-मेंढ्यांच्या मांसातून काही आजार जखमेवाटे शरीरात शिरू शकतात. पातं मोठ्या माणसाच्याच हातात राहू द्या.

### धुणं

आणल्या दिवशीच काम करा. जमत नसेल तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात एक रात्र ठेवायला हरकत नाही. बर्फात गोठवलंच तर आदल्या रात्री फ्रीजमध्येच सावकाश सुटू द्या. गरम पाणी अजिबात वापरू नका. मांस घट्ट होतं, गुठळ्या भिंतीला चिकटतात आणि झडपांचे पापुद्रे आखडतात.

नळाच्या गार पाण्याची बारीक धार एकेका नळीत सोडा आणि हृदय हलकेच दाबत राहा. आतून काळपट, थलथलीत गुठळ्या बाहेर येतील. पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत हे करायचं. इथे घाई केली तर पुढची पाण्याची चाचणी हमखास फसते, कारण झडपेत अडकलेली एक गुठळीसुद्धा तिला मिटू देत नाही.

## टप्पा १: डावं-उजवं ठरवा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ घालवा.

डावं-उजवं नेहमी हृदयाच्या मालकाचं, आपलं नाही. हृदय समोरासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत आहे असं समजून धरलं, तर त्याची डावी बाजू तुमच्या उजव्या हाताला येते. पुस्तकातली आकृतीही अशीच काढलेली असते.

आता समोरची बाजू कुठली? निमुळतं टोक खाली धरा आणि हृदय फिरवत राहा. एका बाजूला पृष्ठभागावर चरबीची तिरकी रेघ दिसेल आणि तिच्यात एक रक्तवाहिनी पळताना दिसेल. तीच समोरची बाजू. ती रेघ म्हणजे आतल्या पडद्याची बाहेरून दिसणारी खूण, तिच्या एका अंगाला उजवं निलय (खालचा कप्पा) आणि दुसऱ्या अंगाला डावं. रेघ टोकापर्यंत पोहोचत नाही, थोडी वरच बाजूला वळते. म्हणजे निमुळतं टोक पूर्णपणे डाव्या निलयाच्या वाट्याला येतं.

तपासा: रेघेच्या दोन्ही बाजू अंगठ्याने दाबा. जी बाजू टणक लागते ती डावी, जी पिचकते ती उजवी. टोक आणि टणकपणा या दोन्ही खुणा तुमच्या उजव्या हाताला यायला हव्यात. त्या डाव्या हाताला आल्या तर हृदय पाठमोरं धरलंय.

खात्री झाली की उजव्या बाजूला निळ्या लोकरीचा आणि डाव्या बाजूला लाल लोकरीचा तुकडा टाचणीने टोचून ठेवा. कापाकापी सुरू झाली की हृदय हातात दहा वेळा फिरतं, तेव्हा हीच खूण कामाला येते.

## टप्पा २: नळ्या ओळखा

समोरून पाहिल्यावर दोन अलिंदांच्या पाळ्यांच्या मधून वर येणारी पहिली जाड नळी फुप्फुसधमनी. तिच्या लगेच मागे महाधमनी. दोन्ही चिकटलेल्या असतात आणि मधल्या चरबीमुळे एकच वाटतात. बोटाने चरबी सोडवून त्या वेगळ्या करा. वेगळ्या करताना दोघींना जोडणारा एक चिवट, भरीव बंध लागेल. गर्भात असताना ती उघडी वाट होती, फुप्फुसं कामाला लागण्याआधी रक्त तिच्यातून परस्पर महाधमनीत जायचं. जन्मानंतर ती बंद झाली.

धमनी आणि शीर ओळखायची साधी रीत: नळी चिमटीत दाबून सोडा. महाधमनीची भिंत जाड आणि लवचीक असते, ती पुन्हा गोल होते. शिरा पापुद्र्यासारख्या चपट्या पडून राहतात.

मग हृदय पालथं करा. उजव्या अलिंदात उघडणाऱ्या दोन मोठ्या शिरा दिसतील, एक वरून येणारी आणि एक खालून येणारी. या महाशिरा. डाव्या अलिंदाच्या पाठीमागे फुप्फुसशिरांची तोंडं असतात. फोफसं जवळून कापलं असेल तर तिथे वेगवेगळ्या शिरांऐवजी एकच मोठं भोक दिसतं. त्याने गोंधळू नका.

दोन फरक इथेच लक्षात घ्या. माणसाच्या महाधमनीच्या कमानीतून डोकं आणि हातांकडे तीन शाखा निघतात, बोकडात एकच मोठं खोड निघून पुढे फुटतं. शिवाय बोकडात डाव्या बाजूने एक शीर हृदयाच्या मागून वळसा घेत उजव्या अलिंदात येते. ती माणसाच्या आकृतीत शोधू नका.

आता नळ्या घाला: महाशिरांमधून आणि फुप्फुसधमनीतून निळी, फुप्फुसशिरांतून आणि महाधमनीतून लाल. हलक्या हाताने, अडेल तिथे थांबायचं.

तपासा: महाधमनीतून घातलेल्या नळीचं टोक बाहेरून चाचपा. ते टणक बाजूला लागलं पाहिजे. पिचकणाऱ्या बाजूला लागत असेल तर तुम्ही फुप्फुसधमनीलाच महाधमनी समजला आहात.

## टप्पा ३: पाण्याची चाचणी

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि एकदा निलय कापलं की तो नीट करता येत नाही. झडप म्हणजे काय ते मुलांना कळतं ते इथे, कापलेल्या तुकड्यांत नव्हे.

आधी सगळ्या नळ्या काढून घ्या. हृदय उभं धरा, महाधमनीचं तोंड वर. सिरिंजने त्यात हळूहळू पाणी सोडा. आत डोकावलं तर भिंतीला चिकटलेले तीन पापुद्रे शर्टाच्या खिशांसारखे भरून फुगतील, मध्ये एकमेकांना भिडतील आणि पाणी वर साचेल. ही अर्धचंद्राकृती झडप. फुप्फुसधमनीतही हेच करून बघा.

महाधमनीतलं पाणी अगदी हळू उतरत राहिलं तर ते बिघाडाचं लक्षण नाही. पापुद्र्यांच्या लगेच वर हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांची तोंडं असतात, थोडं पाणी त्यांत शिरतं. पाणी एकदम खाली गेलं तर मात्र गुठळी अडकली आहे किंवा नळी फारच आखूड कापली आहे.

आता डावी द्विदली झडप, म्हणजे डावं अलिंद आणि डावं निलय यांच्यामधली. डाव्या अलिंदाचं छत कात्रीने कापून उघडा, खाली हात लावू नका. वरून पाणी ओतून डावं निलय भरा. महाधमनी चिमटीत घट्ट दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने निलय हलकेच पिळा. दोन पापुद्रे खालून वर येऊन मिटताना दिसतील. मांस ताठरलेलं असेल तर आधी दोन-तीन मिनिटं निलय बोटांनी मळून घ्या.

हे दोनदा-तीनदा करा आणि विचारा: झडप कोणी मिटवली? हृदय तर मेलेलं आहे, स्नायू काही ओढत नाहीयेत. पाण्याच्या दाबानेच ती मिटली. जिवंत हृदयातही झडपा रक्ताच्या दाबातल्या फरकानेच उघडतात आणि मिटतात. 'दोऱ्या झडप ओढून उघडतात' हे उत्तरपत्रिकांत वारंवार येणारं वाक्य साफ चूक आहे.

## टप्पा ४: उजवं अलिंद

बोथट टोक वरच्या महाशिरेत घाला आणि बाहेरच्या भिंतीवरून खालच्या महाशिरेपर्यंत कापत या. इथेच थांबा. भिंत बाजूला करून आत बघा.

पाळीच्या आतल्या बाजूला स्नायूंचे समांतर कंगोरे दिसतील, बाकीची भिंत गुळगुळीत. भिंत इतकी पातळ का, याचं उत्तर सोपं आहे: अलिंदाला रक्त फक्त खालच्या कप्प्यात ढकलायचं असतं, आणि त्यातलं बहुतेक रक्त निलय सैलावताच आपोआप उतरतं. अलिंदाचं आकुंचन शेवटचा हिस्सा तेवढा भरतं.

दोन अलिंदांमधल्या पडद्यावर, खालच्या महाशिरेच्या तोंडाजवळ, बोटाला एक उथळ खळगा लागेल. उजव्या बाजूने त्यावर टॉर्च धरा आणि डाव्या अलिंदाच्या उघड्या छतातून बघा. बाकी पडदा अंधारा आणि तेवढीच जागा उजळलेली दिसते. गर्भात रक्त इथून थेट उजवीकडून डावीकडे जायचं. माणसांमध्ये साधारण चौघांपैकी एकाची ही वाट पूर्णपणे चिकटत नाही, आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही.

## टप्पा ५: उजवं निलय

फुप्फुसधमनीत कात्री घाला आणि समोरच्या भिंतीवरून खाली कापत या. चरबीची तिरकी रेघ तुमच्या छेदापासून एक बोट अंतरावर राहिली पाहिजे. रेघेवरच कापलंत तर कात्री मधल्या पडद्यात शिरते आणि दोन्ही निलयं एक होतात. छेद निलयाच्या तळाशी संपवा.

सावधान: भिंत उचकटताना झटका देऊ नका. पडद्यापासून बाहेरच्या भिंतीकडे जाणारी स्नायूची एक आडवी पट्टी इथे असते, बोकडात ती चांगली ठळक दिसते. बरेच जण मध्ये येते म्हणून ती कापून टाकतात. हृदयाच्या विद्युतसंदेशाची एक शाखा तिच्यातून पलीकडच्या भिंतीपर्यंत पोहोचते. ती शाबूत ठेवून तिच्या बाजूने बघा.

आता त्रिदली झडप (उजवं अलिंद आणि उजवं निलय यांच्यामधली) खालून दिसेल. पापुद्र्यांच्या कडांपासून पांढऱ्या चिवट दोऱ्या निघून भिंतीवरच्या स्नायूंच्या उंचवट्यांना जोडलेल्या असतात. एक दोरी सुरीच्या पाठीने ताणून बघा, सहज तुटत नाही. तिचं काम एकच: निलय आकसतं तेव्हा पापुद्रा उलटा अलिंदात पलटू नये म्हणून धरून ठेवणं. तीन पापुद्रे सुटे मोजता आले नाहीत तर काळजी नको, त्यांच्या सीमा पुस्तकातल्याइतक्या स्पष्ट नसतात.

कापलेल्या भिंतीची जाडी मोजपट्टीने मोजून लिहून ठेवा.

## टप्पा ६: डावं निलय

डाव्या अलिंदाच्या उघड्या छतातून कात्री खाली घाला आणि हृदयाच्या डाव्या कडेने, रेघेपासून लांब राहत, थेट टोकापर्यंत कापा. या वाटेने गेलात तर कात्री दोन मोठ्या स्नायू-उंचवट्यांच्या मधून जाते आणि बहुतेक दोऱ्या वाचतात. समोरून कापलंत तर एक उंचवटा हमखास दुभंगतो.

भिंतीची जाडी मोजा. ती उजवीच्या साधारण तिप्पट भरते. आता मुलांना कारण विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: 'डावं निलय जास्त रक्त ढकलतं.' हे चूक आहे. दोन्ही निलयं दर ठोक्याला जवळजवळ सारखंच रक्त बाहेर टाकतात. विश्रांतीच्या वेळी मोठ्या माणसात ते ७० मिलिलिटरच्या आसपास असतं. तसं नसतं तर काही मिनिटांतच रक्त फुप्फुसांत तरी तुंबलं असतं किंवा उरलेल्या शरीरात तरी. फरक आहे तो दाबात. उजव्या निलयाला शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच पोहोचायचं असतं, तिथे २५ मि.मी. पाऱ्याच्या आसपास दाब पुरतो. डाव्याला सगळ्या शरीरात रक्त पोहोचवायचं, म्हणून तिथला दाब १२० च्या घरात जातो.

आणखी एक फसवणूक: डाव्या निलयाची पोकळी उजवीपेक्षा अगदी अरुंद दिसते. प्राणी मेल्यावर स्नायू ताठरतात आणि जाड भिंत आत आकसून बसते. जिवंतपणी दोन्ही पोकळ्यांत एवढा फरक नसतो. 'डावा कप्पा लहान' असं वहीत लिहू देऊ नका.

या टप्प्यावरची माझ्या मते सर्वांत सुंदर गोष्ट बघायला कात्री खाली ठेवा. द्विदली झडपेचा पडद्याकडचा मोठा पापुद्रा शोधा. त्याच्या एका बाजूने अलिंदातलं रक्त खाली येतं. आता त्याच पापुद्र्याच्या मागून बोट वर सरकवा. ते थेट महाधमनीतून बाहेर निघतं! आत येणारी आणि बाहेर जाणारी वाट शेजारी-शेजारी आहेत, मध्ये फक्त हा एक पापुद्रा. आकृतीत या दोन वाटा लांब काढलेल्या असतात, त्यामुळे पुस्तकावरून हे कधीच लक्षात येत नाही.

हे सगळ्यांनी पाहून झाल्यावरच तो पापुद्रा कापत महाधमनीपर्यंत छेद न्या. अर्धचंद्राकृती झडप सपाट उघडेल आणि दोन पापुद्र्यांच्या वर हृदयधमन्यांची तोंडं दिसतील. चार कप्पे रक्ताने भरलेले असूनही हृदयाची जाड भिंत त्या रक्तावर जगत नाही. तिला या दोन तोंडांतूनच पुरवठा होतो, आणि यांच्याच फांद्या तुंबल्या की हृदयविकाराचा झटका येतो.

## टप्पा ७: लोकरीने वाट आखा

निळी लोकर वरच्या महाशिरेतून घाला: उजवं अलिंद, त्रिदली झडप, उजवं निलय, फुप्फुसधमनी. इथे ती बाहेर पडते. लाल लोकर फुप्फुसशिरेतून: डावं अलिंद, द्विदली झडप, डावं निलय, महाधमनी. प्रत्येक मुलाला एकदा मोठ्याने म्हणत करू द्या.

सावधान: या खेळातून एक गैरसमज पक्का होऊ शकतो, की आधी उजवी बाजू आकसते आणि मग डावी. तसं नाही. दोन्ही अलिंदं एकदम आकसतात, मग दोन्ही निलयं एकदम. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एक ठोका ०.८ सेकंदाचा होतो. त्यातलं अलिंदांचं आकुंचन ०.१ सेकंद, निलयांचं ०.३ आणि उरलेले ०.४ सेकंद सगळे कप्पे सैल असतात. 'लब' ऐकू येतो तो अलिंद-निलयांमधल्या झडपा मिटताना, 'डब' अर्धचंद्राकृती झडपा मिटताना.

## टप्पा ८: आकृती काढा, मग आवरा

हृदय समोर असतानाच आकृती काढा. नंतर काढली की हात पुस्तकाचीच नक्कल करतो. तपासताना एवढं बघा: उजवं अलिंद कागदाच्या डाव्या हाताला आहे का, डाव्या निलयाची भिंत खरोखर जाड काढली आहे का, टोक डाव्या निलयाचंच आहे का, आणि फुप्फुसधमनी उजव्या निलयातून निघते का. फुप्फुसधमनी निळी आणि फुप्फुसशीर लाल रंगवायची. 'धमनी म्हणजे लाल' असं पाठ केलेली मुलं नेमकी इथेच गुण घालवतात. धमनी म्हणजे हृदयापासून दूर नेणारी, एवढंच. आणि कमी ऑक्सिजनचं रक्तही गडद लाल असतं, निळा रंग फक्त कागदावर.

आवरताना हृदय खाण्यासाठी परत घेऊ नका, इतका वेळ ते बाहेर राहिलेलं आणि हाताळलेलं असतं. गल्लीतल्या कुत्र्यांनाही घालू नका. शेळ्या-मेंढ्यांच्या अवयवांत फीतकृमीच्या गाठी असू शकतात, आणि कच्चं मांस खाल्लेल्या कुत्र्यामार्फत तो कृमी माणसापर्यंत पोहोचतो. कागदात गुंडाळून, पिशवी घट्ट बांधून ओल्या कचऱ्यात द्या किंवा कुत्री उकरणार नाहीत इतकं खोल पुरा. ताट आणि कात्री आधी साबणाने, मग उकळत्या पाण्याने धुवा. मोजे काढल्यावर हात कोपरापर्यंत धुवायचे.